मुक्ताबाईंच्या निबंधातील युक्तिवाद

'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा मुक्ताबाई साळवे यांचा निबंध, १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'त, १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत प्रसिद्ध झाला. लेखिका तेव्हा चौदा वर्षांची, फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी. हे वय इतक्या कौतुकाने सांगितले गेले, की निबंध वाचायचा राहूनच गेला. एक तर तो फुल्यांच्या शैक्षणिक कार्याचा दाखला ठरतो, नाही तर दलित स्त्रीचा पहिला उद्गार म्हणून वंदनीय होतो. 'उद्गार' हा शब्दच फसवा आहे. येथे आहे तो युक्तिवाद.

वेद ब्राह्मणांचेच, हा दावा मुक्ताबाई खोडून काढीत नाहीत; तो मान्य करून शेवटापर्यंत नेतात. ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीही मुभा नाही ते उघडच धर्मरहित ठरतात. मग आमचा धर्म कोणता, हे त्या थेट ईश्वरालाच विचारतात आणि एकाच्याच वाट्याला येणारा धर्म लोपावा अशी प्रार्थना करतात. मिशनच्या पत्रात लिहीत असूनही उत्तर मिशनच्या पदरात टाकीत नाहीत, हे ध्यानात घ्यावयास हवे.

मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९० साली एडमंड बर्कला दिलेले उत्तर येथे आठवते. बर्कचे डोळे राणीच्या अवहेलनेने पाणावले. वुलस्टनक्राफ्टने त्याच्या नजरेत न आलेल्या गरिबांकडे बोट दाखविले. वंशपरंपरागत अधिकार हे दोघींचेही लक्ष्य. मात्र वुलस्टनक्राफ्टचा आधार विवेक, तर मुक्ताबाईंचा आधार देहाने सोसलेला इतिहास. पेशवाई १८१८ साली संपली, म्हणजे लेखिकेच्या जन्मापूर्वीच. तरी तालीमखान्यासमोरून जाणाऱ्याचे शिर उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करीत, ही हकीकत तिच्यापर्यंत पोचली आहे. बखरींनी न जपलेली ही स्मृती येथे छापील पुराव्याच्या दर्जास चढते. पुढे डोक्यावर छप्परही नसता बाळंत होणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख येतो, आणि जातीच्या दुःखाला स्त्रीदेहाचे परिमाण लाभते. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८८२ साली आली.

इंग्रजी राज्याची स्तुती हा निबंधाचा दुबळा भाग मानला जातो. ती भाबडी आहेच. परंतु ज्यांना पूर्वीच्या राज्यात वाटेने चालणेही जिवावरचे होते, त्यांनी राज्यकर्त्यांची तुलना याच मापाने केली तर टीकाकाराने कोणते दुसरे माप पुढे करावे?