व्यसनविरोधी दृश्यकथा आणि ‘पर्याया’चा प्रश्न

व्यसनमुक्तीच्या प्रचारासाठी विद्यार्थ्यांकडून लघुचित्रफिती मागवून त्यांची स्पर्धा घेण्याची प्रथा आता रूढ होऊ लागली आहे. 15 ऑगस्ट 2020 रोजी देशातील 272 जिल्ह्यांत ‘नशामुक्त भारत अभियान’ सुरू झाले, तेव्हा शैक्षणिक संस्थांतील जागृतीला त्यात महत्त्वाचे स्थान देण्यात आले. अशा स्पर्धेचा विषय पुष्कळदा ‘व्यसनाला पर्याय’ असा दिला जातो. प्रत्यक्षात तयार होणारी कलाकृती मात्र बहुधा व्यसनाच्या दुष्परिणामांची असते. निषेध आणि पर्याय या दोन भिन्न कल्पना असून त्यांची नाट्यरचनाही भिन्न आहे, हा भेद दुर्लक्षिला गेल्यामुळे हा सगळा खटाटोप बराचसा निष्फळ ठरतो.

या भेदाचा विचार मराठीत ‘एकच प्याला’ला वगळून करता येणार नाही. राम गणेश गडकरी जानेवारी 1919 मध्ये निवर्तले आणि त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणले. मद्यपानाच्या अनर्थाचे चित्र म्हणून ते प्रसिद्ध आहे. परंतु त्याची घटनासंगती बारकाईने पाहिली असता एक निराळीच गोष्ट ध्यानात येते. सुधाकर हा वकील. मुन्सफाशी झालेल्या खटक्यातून त्याची सनद काही काळ स्थगित होते. अपमान आणि रिकामपण ही दोन्ही एकाच वेळी त्याच्या वाट्याला येतात, आणि नेमक्या त्या घटकेला तळीराम पहिला प्याला पुढे करतो. रामलाल त्याला उपदेश करतो, सिंधू त्याच्यासाठी सर्वस्व पणाला लावते. पण त्याच्या रिकाम्या संध्याकाळी संगत देणारी जागा नाटकात एकच आहे, ती म्हणजे तळीरामाचे आर्यमदिरामंडळ. पुढे सुधाकर मद्य सोडण्याचा निश्चय करून कामाच्या शोधात निघतो. सर्वत्र अव्हेर झाल्यावर तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. या वळणाला केवळ त्याच्या इच्छाशक्तीचा दुबळेपणा म्हणणे अपुरे होईल. निश्चय झाला, पण निश्चयाला उतरण्यास जागा मिळाली नाही, असा या शोकांतिकेचा खरा आशय आहे. व्यसनविरोधी म्हणून गाजलेले हे नाटक पर्यायाच्या अभावाचे नाटक आहे.

गडकऱ्यांच्या पश्चात त्यांच्या अनुयायांनी बाटली, अश्रू आणि मरण एवढेच उचलले. सनद आणि अव्हेर यांच्याकडे दुर्लक्ष केले. आजच्या चित्रफितींतही हाच वारसा दिसतो. पानटपरीपासून आरंभ, बेड्या किंवा चिता यांनी शेवट, आणि अखेरीस एक घोषवाक्य! अशा भयदर्शनाने सर्व श्रोते सावध होतात, हे गृहीत धरता येत नाही. अमेरिकेत 1998 पासून चाललेल्या तरुणांसाठीच्या प्रचंड अमली पदार्थविरोधी जाहिरात-मोहिमेचे मूल्यमापन 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. मोहिमेचा इष्ट परिणाम झाल्याचे त्यात आढळले नाही. उलट काही बाबतींत विपरीत परिणामाची चिन्हे दिसली. याउलट आइसलंडमध्ये क्रीडा, संगीत आदी संघटित उपक्रम, पालकांचा सहभाग आणि कायद्याची बंधने यांची जोड घातली गेली. तेथे गेल्या महिनाभरात मद्यधुंद झालेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे प्रमाण 1998 मध्ये 42 टक्के होते. ते 2016 मध्ये 5 टक्क्यांवर आले. या घटीचे श्रेय एकट्या पर्यायाला देता येणार नाही, हे खरे. परंतु पर्यायाला वगळूनही तिचा उलगडा होत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, पतनात नाट्य असते, पर्यायात नसते. मैदानावर खेळणारा मुलगा दाखवून प्रेक्षकाचे मन खिळवून ठेवता येत नाही. आक्षेप वजनदार आहे. पण त्याचे उत्तर परभणी जिल्ह्याच्याच परंपरेत सापडते. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान. त्यांच्या अभंगांतील दळणकांडणाचे कष्ट नाहीसे होत नाहीत. त्या कष्टांत विठ्ठल वाटेकरी होऊन येतो. तेथे उपदेश नाही, धाक नाही. एकाकी श्रमाला सोबत मिळाली आहे. सोबत मिळण्याचा तो क्षण पूर्णतः नाट्यमय आहे. पर्याय दाखवणे म्हणजे पात्राच्या हातून एक वस्तू काढून दुसरी ठेवणे नव्हे. त्याच्या एकटेपणात दुसऱ्याचा प्रवेश दाखवणे, हे त्याचे खरे स्वरूप होय.

परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यातील तरुणाला ही कसोटी लागू केली, तर प्रश्न मूर्त होतो. शेतीचे काम हंगामी. स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासासाठी गाव सोडून आलेल्या मुलाची परीक्षा हुकली, म्हणजे त्याची ‘सनद’ गेली असेच तो मानतो. त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तो कोणाकडे जाणार? तालीम, कबड्डीचे मैदान, भजनी मंडळ, वाचनालय ही नावे उच्चारणे सोपे आहे. त्या तालमीत अपयशी मुलाचे स्वागत होते काय, वाचनालय त्या वेळी उघडे असते काय, हे चित्रफितीने पाहिले पाहिजे. तसे न केल्यास पर्याय हा केवळ शोभेचा शब्द ठरेल.

म्हणून परीक्षकांनीही आपली दृष्टी बदलणे अवश्य आहे. छायाचित्रणाची सफाई आणि घोषवाक्याचा ठसा यांच्याआधी एकच गोष्ट पाहावी: नायक प्याला खाली ठेवतो, त्यानंतरच्या घटकेचे चित्र कलाकृतीत आहे काय? ज्या चित्रफितीत ते असेल, ती कलादृष्ट्या ओबडधोबड असली तरी विषयाला न्याय देणारी मानावी. सुधाकराला ती घटका कोणी भरून दिली नाही. शंभराहून अधिक वर्षांनंतर कॅमेरा हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याकडून निदान तेवढी अपेक्षा करणे वावगे होणार नाही.