‘घरच्यासारखं’ वागवणं पुरेसं आहे का?

माझा पीएचडीचा विषय सांगितला की गावाकडे हमखास प्रश्न येतो, "म्हणजे तू दुबईच्या शेखांवर लिहितीस का?" विषय असा आहे: परदेशात जाऊन, लोकांच्या घरी राहून घरकाम करणाऱ्या बायकांशी मालक कसे वागतात आणि तसे का वागतात. कळंब तालुक्यातल्या मुलीला हे कशाला पडलंय, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते शेवटी सांगते. त्याआधी, या विषयावर आपण ज्या पद्धतीनं बोलतो त्यातली एक चूक दाखवायची आहे. पहिली दोन वर्षं ती मीही करत होते.

आपण मालकाचा स्वभाव तपासत बसतो. मारतो का, उपाशी ठेवतो का, नीट बोलतो का. यात पास झाला तर मालक चांगला. मग तो म्हणतो, "आम्ही तिला घरच्यासारखं वागवतो," आणि चर्चा तिथंच संपते.

आठवत असेल, १२ डिसेंबर २०१३ ला न्यूयॉर्कमध्ये भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. मराठी अधिकारी, त्यामुळे आपल्याकडे ती बातमी घरोघरी पोचली. त्यांच्याकडे काम करणारी भारतीय बाई त्याच वर्षी जूनमध्ये घर सोडून गेली होती. सरकारी वकिलांचा आरोप असा होता की तिच्या व्हिसाच्या अर्जात ताशी ९.७५ डॉलर पगार दाखवला, आणि प्रत्यक्षात महिना ३०,००० रुपयांचा वेगळा करार केला. खोब्रागडे यांनी आरोप नाकारले. मार्च २०१४ मध्ये राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर खटला रद्द झाला, दोनच दिवसांनी नव्यानं आरोप दाखल झाले, पण त्या तोवर भारतात परतल्या होत्या. म्हणजे आरोप खरे की खोटे, हे कोर्टात ठरलंच नाही. ते मीही इथं ठरवत नाही.

मला बोलायचंय ते आपल्या चर्चेबद्दल. अटकेनंतर झालेली अंगझडती अपमानास्पद होती आणि त्यावर राग येणं बरोबरच होतं. दिल्लीत अमेरिकी दूतावासासमोरचे अडथळे हटवले गेले. पण त्या दिवसांतली भाषणं, लेख, टीव्हीवरचे वाद पुन्हा पाहिले तर दोनच बाजू ठळक दिसतात: देशाचा अपमान झाला, किंवा मालकीण लबाड. कामवाल्या बाईबद्दल बोललं गेलं ते ‘तिला आपण परदेश दाखवला, आणि तिनं काय केलं बघा’ या सुरात. सगळा प्रश्न कोणाचा स्वभाव कसा यावर येऊन थांबला. तिचा व्हिसा कसा बांधलेला होता, हे फार थोड्यांनी विचारलं.

तर तो व्हिसा समजून घेऊ. राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरी कामाला जाणाऱ्यांना अमेरिका ‘ए-३’ व्हिसा देते. तो त्या अधिकाऱ्याच्या घरच्या कामापुरता असतो. काम सोडलं की त्या देशात राहण्याचा आधारच जातो. आखातातली ‘कफाला’ पद्धत याच तत्त्वावर चालते, फक्त जास्त कडक. कफील म्हणजे जामीनदार मालक. व्हिसा त्याच्या नावावर. त्याला न सांगता घर सोडलं तर सौदीमध्ये बाई ‘हुरूब’, म्हणजे फरार ठरू शकते. पासपोर्ट काढून ठेवायला कायद्यानं बंदी असली तरी तो पुष्कळदा मालकाच्या कपाटात असतो. आता सांगा, अशा घरात मालकीण गोड बोलली काय आणि तिखट बोलली काय, बाईकडं उत्तर द्यायला काय उरतं?

"पण म्हणून वागणूक बिघडतेच कशावरून?" हा प्रश्न माझ्या गाईडनी विचारला होता, आणि रास्त आहे. याचं उत्तर शोधायला ब्रिटन फार उपयोगी पडतं, कारण तिथं नियम मधेच बदलला. १९९८ पासून परदेशी घरकामगारांना तिथं मालक बदलता येत होता. एप्रिल २०१२ मध्ये तो हक्क काढून घेतला. मालक त्याच प्रकारचे, घरं तशीच, बदलला फक्त नियम. लंडनमधली कलायान ही संस्था अशा कामगारांना मदत करते. तिच्याकडं आलेल्यांच्या नोंदींत, मालकाला बांधलेल्या बायकांच्या मारहाणीच्या, घरात कोंडून ठेवल्याच्या तक्रारी आधीच्या व्हिसावाल्यांपेक्षा जास्त निघाल्या. इथं सावध राहायला हवं. संस्थेकडं येतात त्या मुळातच त्रासलेल्या असतात, त्यावरून सगळ्या घरांचं प्रमाण काढता येत नाही. पण दोन्ही गट त्याच दारातून आलेले आहेत, म्हणून त्यांच्यातला फरक बोलका आहे. २०१५ च्या शेवटी सरकारनेच नेमलेल्या जेम्स युइन्स यांच्या अहवालानं मालक बदलण्याचा हक्क परत द्या असं सांगितलं. २०१६ मध्ये तो दिला गेला, पण व्हिसा सहा महिन्यांचाच. उरलेल्या दोन-तीन महिन्यांसाठी नवं घर कोण देणार?

आपलं सरकार काय करतं? एमिग्रेशन क्लिअरन्स लागणाऱ्या देशांत घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय ३० च्या वर हवं, असा नियम आहे. हेतू रक्षणाचा. पण हा नियम बाईला अडवतो, मालकाला नाही. जिला जायचंच आहे ती एजंटाच्या हातानं टुरिस्ट व्हिसावर जाते आणि सरकारी नोंदीतून गायब होते. आणि घरकामगारांच्या हक्कांचा आयएलओचा ठराव क्रमांक १८९, ज्याच्या बाजूनं भारतानं २०११ मध्ये मत दिलं, तो आपण अजून लागू करून घेतलेला नाही.

आता कळंबकडे येते.

आमच्याकडं सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचं, पाडव्याला संपायचं. गडी शेतावर, आणि त्याची बायको आमच्या वाड्यात: झाडलोट, शेणकाला, दळण, धुणं. तिचं साल वेगळं कधीच ठरलं नाही, ती गड्याच्या पगारात ‘आलीच’. आजी तिला सणाला लुगडं द्यायची, तिच्या पोरांना आमच्याबरोबर जेवायला वाढायची. आमच्या घरात आजही अभिमानानं सांगतात, घरच्यासारखं ठेवलं. खोटं नाही ते.

एका वर्षी दिवाळीनंतर गडी म्हणाला, पुण्याला बांधकामावर जातो, मेव्हणा बोलावतोय. आजोबा चिडले नाहीत, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, "उचल फेड, मंग जा." उचल त्यानं बहिणीच्या लग्नासाठी घेतली होती. फेडणार कुठून? राहिला. पाडव्याला पुन्हा साल ठरलं, कारण उचल शिल्लक होती.

वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. आगाऊ रकमेपायी माणसाचा दुसरीकडं काम करण्याचा हक्क गेला तर ती वेठबिगारी, असं त्यात आहे. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मी लायब्ररीत बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "तुझ्या आजोबाला आता गुन्हेगार ठरवतीस व्हय?"

नाही ठरवत. आजोबा वाईट नव्हते, आणि मला हेच सांगायचंय. चांगल्या माणसाच्या हातात दाराची किल्ली असली तरी दार बंदच असतं. कफालात ती किल्ली व्हिसा असते, आमच्या वाड्यात उचल होती. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून कोयत्याच्या जोड्या कारखान्यांकडं निघतात, त्यांच्याही गळ्यात मुकादमाची उचलच असते.

याउलट पुण्यात माझ्या शेजारी चार घरची कामं करणाऱ्या मावशी बघा. एका घरात अपमान झाला तर त्या दुसऱ्या दिवसापासून तिथं जात नाहीत. बाकी तीन घरं असतात, रात्री स्वतःची खोली असते. त्यांना पगार भरपूर मिळतो असं नाही. पण ‘उद्यापासून येणार नाही’ हे वाक्य त्यांच्याकडं आहे, आणि मालकिणीला ते माहीत आहे. वागणूक तिथून सुधारते.

म्हणून पुढच्या वेळी कुवेत, रियाध किंवा न्यूयॉर्कची अशी बातमी वाचाल, तेव्हा मालक कसा होता याआधी एक गोष्ट शोधा: त्या बाईला काम सोडून, कागद शाबूत ठेवून, दुसऱ्या दारात उभं राहता येत होतं का? आणि हाच प्रश्न एकदा आपापल्या वाड्याला विचारून बघा. मी विचारला. त्या गड्याच्या बायकोचं नाव घरात कोणालाच आठवेना. सगळे तिला गड्याची बायको असंच म्हणायचे.