भाषांतर, रूपांतर आणि प्रोग्रामांतर

भाषांतराचं एक दुर्दैव आहे. मूळ पुस्तक वाचलेल्या माणसाला ते आवडत नाही आणि मूळ न वाचलेला माणूस ते वाचत नाही. तरीसुद्धा भाषांतरकार तसा सुखी प्राणी. त्याचं फार तर एखादं वाईट परीक्षण येतं. वाईट भाषांतरामुळे कुणाचं व्याज बुडालं किंवा अग्निबाण फुटला, असं काही ऐकिवात नाही.

पण आता भाषांतरकारांचा एक नवा पंथ निघाला आहे. ही मंडळी संगणकाच्या एका भाषेतला प्रोग्राम उचलून दुसऱ्या भाषेत नेऊन बसवतात. या उद्योगाला त्यांच्यात 'पोर्टिंग' म्हणतात. कोबोलमधून जावात, फोरट्रानमधून सी-मध्ये, पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीतून तिसरीत, अशी ही वाहतूक अखंड चालू असते. एवढं मोठं भाषांतरित वाङ्मय दरसाल बाहेर पडतं आणि त्याला एक टीकाकार असू नये? ती उणीव भरून काढण्याचं अस्मादिकांनी ठरवलं आहे. माझी पात्रता विचाराल, तर मराठीत टीकाकाराला ती विचारायची पद्धत नाही. शिवाय आमचे एक भाचे याच धंद्यात आहेत आणि मामाच्या प्रश्नांना ते न कंटाळता उत्तरं देतात. निदान कंटाळा दाखवत तरी नाहीत.

नवशिक्याची समजूत अशी असते, की पोर्टिंगमधली अडचण म्हणजे व्याकरणाची चूक. कुठे अर्धविराम राहिला, कुठे कंस उघडला आणि मिटलाच नाही. वास्तविक या चुका फार सज्जन. कंपायलर नावाचा एक खडूस हेडमास्तर दारातच उभा असतो. तो ओळ क्रमांकासकट ओरडतो, की चूक लगेच सापडते. खरी भीती हेडमास्तरांनी हसतमुखाने आत सोडलेल्या वाक्यांची.

तुम्हीआम्ही हिंदीत हेच करतो. 'शिक्षा' शब्द दोन्ही भाषांत आहे, शुद्धलेखनही तेच. पण हिंदीतली शिक्षा शाळेत मिळते आणि मराठीतली कोर्टात. (काही शाळांत दोन्ही मिळतात, तो भाग वेगळा.) 'चेष्टा' तिकडे प्रयत्न आणि इकडे थट्टा. उत्तरेकडच्या पाहुण्याने 'मैंने बहुत चेष्टा की' म्हटलं, की आमची मावशी अजून रागावते. वाक्य बिनचूक, अर्थ मात्र भलतीकडे! प्रोग्रामांतरातले सगळे पेच याच जातीचे.

एक साधं गणित घ्या. आज सोमवार, तर दहा दिवसांपूर्वी कोणता वार होता? रविवारला शून्य आणि सोमवारला एक धरा, त्यातून दहा वजा करा आणि उरलेल्या उणे नवाला सातांनी भागून बाकी काढा. पायथॉन सांगतो ५, म्हणजे शुक्रवार. अगदी बरोबर. तेच वाक्य सी-मध्ये लिहा, बाकी येते उणे दोन! आता उणे दोन हा वार कोणत्या पंचांगात शोधायचा आणि त्या दिवशी उपास कुणाचा धरायचा? दोन्ही भाषांची गणितं आपापल्या जागी शुद्ध आहेत. ऋण संख्येला भागताना कुठल्या बाजूला झुकायचं, एवढीच त्यांच्या घरची रीत वेगळी.

अडीचचंही तसंच. पूर्णांक करायला सांगितलं, तर जावाचं नेहमीचं राउंड अडीचचे तीन करतं. पायथॉनची तिसरी आवृत्ती दोन करते, कारण बरोबर अर्ध्यावर गाडं अडलं की जवळची सम संख्या घ्यायची, हा तिचा कुळाचार. जावास्क्रिप्टला १, ९, १०, १०० हे आकडे क्रमाने लावायला सांगा. वेगळी सूचना दिली नाही, तर ती १, १०, १००, ९ असे लावून देते, कारण ती आकड्यांकडे अक्षरं म्हणून पाहते. सोसायटीच्या पाण्याच्या पाळ्या अशा लावल्या, तर नऊ नंबरच्या बिऱ्हाडाने आंघोळ संध्याकाळीच करायची!

आणि शून्याचा वाद तर सनातन. फोरट्रान यादीतली पहिली वस्तू सहसा एक नंबरची मानतो, सी तिला शून्य नंबर देतो. आपल्याकडे तळमजला धरून मोजायचं की सोडून, यावर लिफ्टमध्ये जे होतं, तेच इथे होतं. एखाद्याच्या यादीतला पहिला माणूस गळतो, नाहीतर शेवटच्याच्या जागी कोणी परका येऊन बसतो.

आता प्रत्यक्ष कृतींचं परीक्षण. फोरट्रानचं सी-मध्ये भाषांतर करणारं 'एफ-टू-सी' नावाचं एक यंत्र बेल लॅबोरेटरीजमधल्या मंडळींनी १९९० च्या सुमाराला तयार केलं. त्याची शैली म्हणाल, तर शिक्षा (मराठी) आहे. पण प्रामाणिकपणा असा, की एकाच्या हिशेबाने लिहिलेली यादी दिसली, की हे यंत्र सुरुवातीलाच तिचा पत्ता एक घर मागे सरकवून ठेवतं. म्हणजे पुढे आजोबांचं जुनं मोजमाप जसंच्या तसं चालावं. नव्या फ्लॅटमध्ये येऊन चुलीच्या जागेला चूलच म्हणणाऱ्या आजीसारखं हे भाषांतर. दिसायला गबाळं, पण वरणात मीठ बरोबर.

माणसाचं भाषांतर याच्या उलट. ते दिसतं देखणं आणि चकतं तिथेच. काही जण शब्दाला शब्द ठेवतात. जावाच्या कपड्यात कोबोलच वावरत असतो. त्या संकराला धंद्यातले लोक 'जोबोल' म्हणतात, यावरून त्याची कीर्ती कळावी. दुसरे खरे रूपांतरकार. पुलंनी शॉचं 'पिग्मॅलियन' मराठीत आणून 'ती फुलराणी' (१९७५) केली, तेव्हा लंडनच्या फुलवालीचे उच्चार उचलून आणले नाहीत. ती मुलगी 'ह' गिळते, म्हणून तिथे ओळखू येते. आपल्याकडे माणूस 'न' आणि 'ण'मध्ये पकडला जातो. मूळ शब्द सोडून मूळ काम पुरं करायचं, याला रूपांतर म्हणतात. त्यासाठी दोन्ही घरांच्या रीती ठाऊक असाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच कुठे लिहून ठेवलेल्या नसतात.

आता तुम्ही म्हणाल, अडीचचे दोन झाले काय नि तीन झाले काय, आपलं काय जातं? आपलंच जातं. कोबोल पैशाचा हिशेब दशमानात, वाण्याच्या वहीसारखा ठेवतो. तो जावातल्या साध्या दशांशात बेफिकिरीने ओतला, तर ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ होऊन थांबत नाही, तिला पुढे एक बारीकसं शेपूट फुटतं. लाखो खात्यांत, महिनोन् महिने ते शेपूट वळवळतं. मग पेन्शनीवर जगणारा एखादा गृहस्थ पासबुक घेऊन खिडकीशी जातो आणि आतला तरुण, यंत्राकडे बोट दाखवून, 'काका, कॉम्प्युटर चुकत नाही' म्हणतो. वाईट या वाक्याचं वाटतं. काकांचं तोंडी गणित बरोबर असतं आणि ते मान खाली घालून घरी येतात.

अग्निबाणाचं म्हणाल, तर ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियन-५ पहिल्यांदाच उडाला आणि चाळीस सेकंदांच्या आत आकाशात फुटला. त्याच्या दिशादर्शनाचा प्रोग्राम एरियन-४ वरून आणलेला. भाषासुद्धा बदलली नव्हती, फक्त घर बदललं होतं. नव्या बाणाचा आडवा वेग जास्त. त्यावरून निघणारा आकडा ३२,७६७ पर्यंतच मावणाऱ्या डब्यात कोंबला गेला आणि सगळं बिनसलं. कहर म्हणजे ते गणित उड्डाणानंतर त्या बाणाला लागणारच नव्हतं! आत माणूस नव्हता, हे नशीब.

उपाय विचाराल, तर जुन्या मुनिमांचेच आहेत. जुना आणि नवा प्रोग्राम एका पंगतीला बसवा, दोघांना तेच वाढा आणि उत्तरं ताडून पाहा. वाढताना पक्वान्नं नकोत. उणे संख्या, शून्य, अडीच, रिकामं नाव, २९ फेब्रुवारी असले खडेच वाढा. उत्तरं फुटली, की हिशेब मधोमध तपासा. तिथे जुळत असेल तर चूक पुढे, नसेल तर मागे. मग त्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा.

दुसरं, भाषांतर करताना मूळ सुधारू नका. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. नाथांना ओव्या सुचत नव्हत्या असं थोडंच आहे? पण पदरची भर घातली नाही आणि पुढच्यांनाही तशी ताकीद देऊन ठेवली. आमचे भाचे सांगतात, की प्रत्येक जुन्या प्रोग्राममध्ये एखादी वेडगळ ओळ असतेच. अमुक शाखा असेल, तर एक दिवस जास्त धरा. तरुण भाषांतरकार ती हसून खोडतो आणि मार्चअखेर सगळं ऑफिस रडतं. ती ओळ कुणीतरी, कधीतरी, हात पोळल्यावर लिहिलेली असते. लिहिणारा कधीच निवृत्त झालेला. त्याचा पत्ता काढून त्याच्याकडे चहाला जावं, हा पोर्टिंगमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत न केला जाणारा उपाय.

तेव्हा या नव्या वाङ्मयाबद्दल आमचा अभिप्राय असा: जिथे भाषांतर अडखळतं, तिथे भाषांतरकार निदान थांबलेला असतो. जिथे ते लोण्यासारखं सरकतं, तिथे मूळ पोथी पुन्हा उघडावी. आणि काका पासबुक घेऊन आले, तर त्यांना आधी बसायला खुर्ची द्यावी. ते तक्रार करायला आलेले नसतात, मुद्रितं तपासायला आलेले असतात.