भविष्याची चित्रे आणि चित्राबाहेरचा माणूस

पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या निमित्ताने २६ जानेवारी १९५५ रोजी भारतीय डाक खात्याने तिकिटांची एक मालिका काढली. ट्रॅक्टर, यंत्रमाग, दामोदर खोऱ्यातील धरण, सिंद्रीचा खत कारखाना अशी येऊ घातलेल्या भारताची ही चित्रे नाशिक रोडच्या मुद्रणालयात छापली गेली आणि पत्रांवर चिकटून खेडोपाडी पोहोचली. कलासमीक्षेने त्यांची फारशी दखल घेतलेली नाही.

त्यांच्याशेजारी एक फ्रेंच चित्रमालिका ठेवून पाहावी. झाँ-मार्क कोते आदी चित्रकारांनी १८९९ पासून इसवी सन २००० कल्पून ती काढली. आयझॅक असिमॉव्ह यांनी १९८६ मध्ये ती पुस्तकरूपाने वाचकांपुढे आणली. तीत शाळेचे एक चित्र आहे. शिक्षक यंत्रात ग्रंथ टाकत आहेत, तारांवाटे ज्ञान विद्यार्थ्यांच्या मस्तकात शिरत आहे. (आपणा अध्यापकांना हे चित्र थोडे बोचावे.) यंत्राचा दांडा मात्र एक मुलगा हाताने फिरवीत आहे. चित्रकाराला विजेची शाळा सुचली, पण या मुलाची सुटका सुचली नाही.

आपल्या तिकिटांत हा मुलगा शोधू लागलो की अडचण येते. हिवताप नियंत्रणाच्या तिकिटावर डास आहे, वैद्यकाचा सर्पदंड आहे, रुग्ण नाही. हिवतापाने दीर्घकाळ ग्रासलेल्या गडचिरोलीतील वाचकाला ही उणीव जाणवल्याशिवाय राहणार नाही. दामोदरच्या तिकिटावर धरण आहे. पाण्याखाली जाणारे गाव नाही. एवढ्याशा तिकिटात किती मावणार, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्याच मालिकेत बैलांची मोट मावली. जुने अवजार भविष्याच्या चित्रात सामावले गेले, विस्थापित माणूस मात्र नाही. येथे प्रश्न जागेचा नसून निवडीचा आहे.

ही निवड पुढेही टिकली. १९८० च्या दशकात इचमपल्ली व भोपालपट्टणम या नियोजित धरणांना बाबा आमटे यांच्या पुढाकाराने विरोध झाला, तेव्हा वाद बुडणाऱ्या जंगलाचा आणि त्यातील माणसांचा होता. पुढे २०१९ मध्ये सिरोंच्याजवळ गोदावरीवर मेडिगड्डा बंधाऱ्याचे उद्घाटन झाले. सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांनी शेतात पाणी शिरल्याच्या तक्रारी केल्या, मोबदल्यासाठी आंदोलने केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या बंधाऱ्याचे काही खांब खचले. वर्गात दामोदरचे तिकीट दाखवताना सिरोंच्याचा विद्यार्थी समोर असेल, तर चित्राचे वाचन बहुधा त्याच्यापासूनच सुरू करावे लागेल.