ॲडेल्बर्ट एम्स : एक गव्हर्नर, तीन ग्रंथ

चरित्रवाङ्मयाचा विचार करताना आपल्या नजरेसमोर बहुधा दोनच व्यक्ती असतात : चरित्रनायक आणि चरित्रकार. परंतु दुसऱ्याच कोणाच्या चरित्रात ज्याला दोन-चार परिच्छेदांपुरते, आणि तेही खलपुरुष म्हणून उभे केले जाते, त्याने दाद कोठे मागावी? अमेरिकेतील मिसिसिपी राज्याचा गव्हर्नर ॲडेल्बर्ट एम्स याच्या वाट्याला हे भोग आले. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या लेकीने हा दावा हाती घेतला आणि वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहून तो मांडला. या निमित्ताने तीन ग्रंथांची तुलना करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिला ग्रंथ जॉन केनेडी यांचा ‘प्रोफाइल्स इन करेज’. तो १९५६ साली प्रसिद्ध झाला आणि १९५७ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. लोकक्षोभ पत्करूनही आपल्या मताशी प्रामाणिक राहिलेल्या सिनेटरांच्या या कथा मी महाविद्यालयात असताना भारावून वाचल्या होत्या. त्यांत मिसिसिपीच्या लूशियस लामार याचे प्रकरण आहे. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने उभा राहिलेला हा गृहस्थ १८७४ साली उत्तरेचा कट्टर गुलामगिरीविरोधक चार्ल्स समनर याच्या निधनानंतर त्याला भर सभागृहात श्रद्धांजली वाहतो, हा प्रसंग खरोखरच मनाला भिडणारा आहे. मात्र लामारचे धैर्य उजळून दिसावे म्हणून केनेडींना मागे काळा पडदा हवा होता, आणि तो एम्सचा करण्यात आला. उत्तरेच्या संगिनींच्या जोरावर टिकलेला उपरा शासक, आणि त्याच्या उधळपट्टीपायी चौदापट वाढलेले कर, असे हे चित्र आहे. त्या वयात मी ते मुकाट्याने स्वीकारले. पुढे तीस-बत्तीस वर्षे शासकीय सेवा झाल्यावर पुन्हा वाचले, तेव्हा मनात पहिला प्रश्न आला तो असा की, या माणसाच्या हाती नेमके अधिकार तरी काय होते?

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेतील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. तो जनतेच्या मतांनी निवडला जातो आणि त्याचे काम आपल्या मुख्यमंत्र्याच्या कामाजवळचे असते. तसेच त्या काळी रिपब्लिकन हा लिंकनचा, गुलाममुक्तीचा पक्ष होता, तर दक्षिणेतील डेमोक्रॅटिक पक्ष जुन्या गोऱ्या जमीनदारवर्गाचा होता. युद्ध १८६५ साली संपल्यानंतरची सुमारे बारा वर्षे ‘पुनर्रचनेचा काळ’ म्हणून ओळखली जातात. या काळात चार दशलक्ष मुक्त गुलामांना नागरिकत्व मिळाले आणि त्यांतील पुरुषांना मताधिकार मिळाला. १८७० च्या जनगणनेनुसार मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची संख्या ४,४४,२०१ आणि गोऱ्यांची ३,८२,८९६ होती. म्हणजे मतदान मुक्तपणे झाले तर सत्ता कोणाकडे जाणार, हे उघड होते.

एम्सचा जन्म १८३५ साली उत्तरेकडील मेन राज्यात, एका जहाजाच्या कप्तानाच्या घरी झाला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून १८६१ मध्ये बाहेर पडून तो थेट रणांगणावर गेला. बुल रनच्या पहिल्या लढाईत मांडीत गोळी लागूनही तोफांजवळून हलला नाही. या पराक्रमासाठी त्याला पुढे राष्ट्राचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. १८६८ साली लष्कराने त्याला मिसिसिपीचा हंगामी गव्हर्नर नेमले, १८७० मध्ये तेथील विधिमंडळाने त्याला सिनेटवर पाठविले आणि १८७३ च्या निवडणुकीत तो मतदारांच्या कौलाने गव्हर्नर झाला. जानेवारी १८७४ मध्ये सूत्रे स्वीकारली तेव्हा त्याचे वय अडतीस होते.

हे पद त्याला पुरते सव्वादोन वर्षेही लाभले नाही. डिसेंबर १८७४ मध्ये व्हिक्सबर्ग येथे निवडून आलेल्या कृष्णवर्णीय शेरीफला, पीटर क्रॉसबीला, सशस्त्र जमावाने पदत्याग करावयास लावले आणि त्याच्या मदतीस निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्या वेळी केंद्राने फौज पाठविली. सप्टेंबर १८७५ मध्ये क्लिंटन येथे प्रचारसभेत दंगल उसळली आणि पुढील दिवसांत कृष्णवर्णीयांना शोधून शोधून मारण्यात आले. एम्सने राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडे पुन्हा फौज मागितली. ॲटर्नी जनरल पिअरपाँट यांच्याकडून उत्तर आले. दक्षिणेत दर शरद ऋतूत उठणाऱ्या या दंग्यांना जनता आता कंटाळली आहे, तेव्हा राज्याने आधी आपली साधने वापरावीत, असा त्याचा आशय होता.

हे उत्तर वाचताना मला माझी एक जुनी नस्ती आठवली. एका निवडणुकीत संवेदनशील केंद्रांसाठी जादा पोलीस बंदोबस्त मागणारे पत्र मी वर पाठविले होते. ‘स्थानिक पातळीवर व्यवस्था करावी’ एवढ्याच शेऱ्यानिशी ते परत आले. सुदैवाने त्या खेपेस काही विपरीत घडले नाही. परंतु अशा शेऱ्याचा अर्थ काय असतो, हे ज्याने तो टेबलावर घेतला आहे त्यालाच कळते. अधिकार वर राहतो आणि जबाबदारी तेवढी खाली येते.

एम्सची ‘स्थानिक व्यवस्था’ म्हणजे राज्याची मिलिशिया. तिच्यात येण्यास तयार असलेले बहुसंख्य लोक कृष्णवर्णीयच होते. त्यांच्या हाती शस्त्रे द्यावीत तर वर्णयुद्ध पेटेल, न द्यावीत तर मतदारांना वाली नाही. चार्ल्स काल्डवेल या कृष्णवर्णीय राज्य-सिनेटराने आपली तुकडी घेऊन भर रस्त्याने शस्त्रे पोहोचविण्याचे धैर्य दाखविले. परंतु ऑक्टोबर १८७५ मध्ये एम्सने विरोधी पक्षाशी समझोता केला : मिलिशिया विसर्जित करावयाची आणि विरोधकांनी शांततेत मतदान होऊ द्यावयाचे. पहिली अट पाळली गेली, दुसरी नाही. एकट्या याझू जिल्ह्यात, जेथे कृष्णवर्णीयांचे स्पष्ट बहुमत होते, रिपब्लिकन पक्षाला सात मते पडली. सात हजार नव्हे, सातशे नव्हे, सात. नव्या विधिमंडळाने प्रथम कृष्णवर्णीय लेफ्टनंट गव्हर्नर डेव्हिस याला महाभियोगाने दूर केले, म्हणजे एम्सनंतर पद त्याच्याकडे जाण्याची वाट बंद झाली. मग एम्सवर आरोप ठेवले. आरोप मागे घेण्याच्या अटीवर त्याने २९ मार्च १८७६ रोजी राजीनामा दिला.

आता केनेडींच्या परिच्छेदांकडे वळू. त्यांतील करवाढीचा आरोप निखालस खोटा नाही. कर वाढले होते. परंतु युद्धापूर्वी जमिनीवर कर नाममात्र होता आणि तिजोरीत भर पडत होती ती बऱ्याच अंशी गुलामांवरील करातून. गुलामच उरले नाहीत तेव्हा भार जमिनीवर येणे अपरिहार्य होते. शिवाय कृष्णवर्णीय मुलांनाही प्रवेश देणाऱ्या सार्वजनिक शाळा राज्यात प्रथमच उघडल्या जात होत्या. ‘चौदापट’ हा आकडा कोणत्या पायावरून मोजला, हे सांगितले नाही तर तो हिशेब राहत नाही, आरोपपत्र होते. आणि संगिनींच्या जोरावर टिकलेल्या गव्हर्नराला फौजेसाठी याचना का करावी लागली, या विसंगतीचा खुलासा केनेडींच्या पुस्तकात सापडत नाही. केनेडींनी तत्कालीन प्रतिष्ठित इतिहासकारांचे मत उचलले, हे खरे. परंतु १८७६ साली सिनेटच्या बाउटवेल समितीने नोंदविलेल्या साक्षींचे दोन जाडजूड खंड उपलब्ध होते. मिसिसिपीत गुलामीत वाढलेला आणि पुढे काँग्रेसचा सदस्य झालेला जॉन लिंच याचे १९१३ सालचे पुस्तकही होते. ज्यांच्यावर प्रसंग गुदरला त्यांची साक्ष बाजूला सारून निकाल दिला गेला, हा या प्रकरणाचा मूळ दोष होय.

दुसरा ग्रंथ लेकीचा. ब्लँच एम्स ही चित्रकार, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेली, करारी बाई. केनेडींचे पुस्तक निघाल्यावर तिने त्यांना पत्रे लिहून दुरुस्ती मागितली. उत्तरे सभ्य आली, मजकूर तसाच राहिला. बाईंनी पत्रे थांबविली नाहीत. केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी तिचा नातू, लेखक जॉर्ज प्लिंप्टन याला व्हाइट हाउसमध्ये बाजूला घेऊन आजीची पत्रे आवरण्याची विनवणी केली, असा किस्सा प्लिंप्टननेच सांगितला आहे. अखेर १९६४ मध्ये तिने वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले. कागदपत्रे भरपूर, मांडणी वकिली थाटाची, एकाही आरोपाला उत्तराविना जाऊ न देणारी. एम्स व्यक्तिशः भ्रष्ट नव्हता, हे त्यातून निर्विवाद उभे राहते.

तरीही समीक्षक म्हणून या ग्रंथाची उणीव सांगणे भाग आहे. लेक वडिलांच्या अब्रूची लढाई लढते, आणि अब्रूच्या लढाईत वडिलांची चूक कबूल करणे परवडत नाही. ऑक्टोबरमधील समझोता हा निर्णय होता की शरणागती? काल्डवेलसारख्यांना शस्त्रे ठेवावयास सांगितल्यावर त्यांचे काय होईल, याचा विचार गव्हर्नराने केला होता काय? निवडणुकीनंतर त्याच डिसेंबरमध्ये, नाताळच्या सुमारास, क्लिंटन येथे काल्डवेलला दगा देऊन ठार मारण्यात आले. काय घडले ते त्याच्या पत्नीने बाउटवेल समितीपुढे सांगितले. लेकीच्या ग्रंथात या सर्वांना स्थान आहे, पण ते वडिलांच्या बाजूचे साक्षीदार म्हणून. त्यांचा स्वतःचा दावा तेथे चालत नाही.

‘उपरा’ या शब्दाचेही तसेच. पाच-सहा पिढ्या मध्य भारतात काढूनही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्या वाचकांपैकी अनेकांना ऐकावा लागला असेल; म्हणून हा शब्द शिवी म्हणून कसा वापरला जातो, हे आपल्याला समजावून सांगावयास नको. परंतु न्यायाने पाहता, एम्सचे बिऱ्हाड मिसिसिपीत कधी रुजले नाही. पत्नी बराच काळ उत्तरेत माहेरी असे, आणि पतिपत्नींचा सुंदर पत्रव्यवहार आज आपल्याला उपलब्ध आहे तो या विरहामुळेच. राजीनाम्यानंतर एम्सला जाण्यासाठी जागा होती. तो उत्तरेत परतला, व्यवसाय केला, १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात पुन्हा गणवेश चढविला आणि १९३३ साली सत्त्याण्णव वर्षांचा होऊन वारला. काल्डवेलला जाण्यासाठी दुसरे गाव नव्हते.

तिसरा ग्रंथ निकोलस लेमन यांचा ‘रिडेम्प्शन’, २००६ सालचा. लेमन पत्रकार आहेत. त्यांचे निवेदन वेगवान आणि कागदपत्रांवरची पकड पक्की आहे. पत्नीला लिहिलेल्या पत्रांतून दिसणारा एम्स ते बारकाईने उभा करतात. निवडणुकीपूर्वीच एम्सने तिला कळविले होते की, हा शस्त्रबळाने घडविलेला सत्तापालट आहे आणि एका संपूर्ण समाजाचा मताधिकार जाऊन दुसरी गुलामगिरी सुरू होत आहे. म्हणजे त्याला दिसत होते सर्व. थांबविण्याचा मार्ग मात्र सापडला नाही. लेमन त्याला ना खलपुरुष करीत, ना हुतात्मा. मला हा ग्रंथ तिघांत अधिक न्यायी वाटतो तो यामुळे की, त्यात याझूच्या सात मतांमागील न पडलेली मते मोजलेली आहेत.

या इतिहासाचा एक धागा आपल्या भाषेपर्यंत येतो. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध केला आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. एम्स गव्हर्नर म्हणून निवडून आला ते हेच वर्ष. पुण्यात बसून जोतीरावांनी ज्या वचनाला अभिवादन केले, ते वचन मिसिसिपीत दोनच वर्षांत मोडले गेले. म्हणून अर्पणपत्रिका फोल ठरत नाही. उलट मुक्ती जाहीर करणे आणि ती राखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे तिच्याकडे पाहून अधिक तीव्रतेने जाणवते.

सप्टेंबर १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना केंद्रीय फौज धाडावी लागली. एम्सने मागितलेली आणि नाकारली गेलेली तीच फौज, सत्त्याऐंशी वर्षांनी. त्या रात्रीच्या भाषणातही केनेडींनी मिसिसिपी ही लामारची भूमी म्हणून गौरविली. एम्सचे नाव घेतले नाही. कर्त्या पुरुषाला कृतीतून जे समजले होते, ते ग्रंथकाराला आपल्या पुस्तकात दुरुस्त करावेसे वाटले नाही.

दोन परिच्छेदांना उत्तर देण्यासाठी सहाशे पाने लागली, आणि तरी ते परिच्छेद अधिक वाचले गेले. आपल्या ग्रंथसंग्रहांतील जुनी चरित्रे पुन्हा उघडताना नायकाच्या मागे अंधारात कोणाला उभे केले आहे आणि त्याची साक्ष घेतली होती काय, एवढे जरी आपण पाहिले, तरी त्या वृद्ध लेकीची पत्रे वाया गेली नाहीत असे म्हणता येईल.