ओळख पटली, टाळी पडली

मराठी प्रेक्षकाला हळवं करायला हल्ली फार कष्ट पडत नाहीत. पडद्यावर कुणी पेन्सिलीने कॅसेटची रीळ गुंडाळावी, लिमलेटची गोळी चघळावी, मागून दूरदर्शनची जुनी धून वाजावी, की शेजारच्या खुर्चीतून हुंकार येतोच, ‘अगं, आपल्याकडेही अगदी अस्संच होतं!’ ओळख पटली, टाळी पडली, चित्रपटाचं काम झालं. उरलेले दोन तास कथानकाच्या नावाखाली ढकलायचे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या एका हुंकारावर आपण अख्खा धंदा उभा केला आहे. त्याचा राग जुनाच, पण तो कागदावर उतरायला कारण घडलं रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा हा चित्रपटही गावाकडे जातो, बालपणीच्या मित्राला भेटतो, जुन्या वाटा तुडवतो. तरीही त्यात एकही हुंकार हाताला लागत नाही. असं आपल्याकडे पूर्वी कधी झालं होतं, हे आठवू लागलो की मी दर वेळी एकाच ठिकाणी पोचतो. उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’पाशी.

बाकीचं चटकन उरकू. ‘दुनियादारी’ने कट्टा विकला, ‘टाइमपास’ने पहिलं प्रेम. गायक-नटांच्या चरित्रपटांबद्दल एवढंच म्हणेन की रंगभूषा उत्तम होती. ‘शाळा’ या सगळ्यांहून कितीतरी वरची, पण बोकिलांच्या कादंबरीतली आणीबाणी पडद्यावर येईतो बरीचशी नेपथ्य होऊन गेली.

‘विहीर’मध्ये खरं तर स्मरणरंजनाचं सगळं साहित्य हजर आहे. सुट्टी, गावाकडचं मोठं घर, लग्नाची लगबग, आजी-आजोबा, पोहायला विहीर, भावंडांची एकमेकांना पत्रं. यातल्या निम्म्या ऐवजावर दुसऱ्या कुणी तीन गाणी बसवली असती. गिरीश कुलकर्णी आणि सती भावे यांची पटकथा मात्र हे सगळं मांडते ते हिरावून घेण्यासाठीच. नचिकेतला घरच्या गोतावळ्यातून सुटायचं आहे. कशासाठी, कुठे, हे त्याला धड सांगता येत नाही आणि धाकट्या समीरला धड कळत नाही. मग नचिकेत विहिरीत बुडून जातो. अपघात की आणखी काही, याचा निवाडा चित्रपट करत नाही. आणि तिथून पुढे, जिथे आपले बहुतेक दिग्दर्शक अश्रूंची सोय करून शेवटाकडे धावले असते, तिथे ‘विहीर’ खऱ्या अर्थाने सुरू होतो.

आधी मुलं लपाछपी खेळलेली असतात. आता समीरवर राज्य आहे आणि लपलेला गडी सापडणारच नाही, ही या उत्तरार्धाची सगळी रचना. सुधीर पळसाने यांचा कॅमेरा माळरानावर, पाण्यावर, रिकाम्या खोल्यांवर एवढा वेळ थांबतो की चुळबुळ सुरू होते. ही चुळबुळ फार मोलाची आहे. माणूस मेल्यावर जगाला काहीच होत नाही, उन्हं तशीच उतरतात, याचा पोरक्या मुलाला येणारा संताप त्या चुळबुळीतूनच आपल्यापर्यंत येतो. समीर झालेल्या मदन देवधरच्या चेहऱ्यावर रडू कमी आणि हट्ट जास्त आहे. मेलेल्या भावाला शोधून काढीन, हा हट्ट. त्याला शोकाची भाषा अजून शिकवलेली नाही. २०१० मध्ये ‘विहीर’ प्रदर्शित झाला तेव्हा अमिताभ बच्चन यांच्या कंपनीचं नाव पाठीशी असूनही गर्दी झाली नाही. ‘संथ आहे’ असं म्हणून आपण मोकळे झालो. पण त्या वेळी गर्दी खेचलेल्यांपैकी किती चित्रपट आज मध्यरात्री अचानक आठवून अस्वस्थ करतात? ‘विहीर’ करतो, कारण त्याने आपला हिशेब पुरा करून दिलेला नाही.

अविनाश अरुणच्या ‘किल्ला’चं नातं याच घराण्याशी. पावसात किल्ल्यावर मित्रांनी एकट्याला टाकून जाणं, ही जखम मोठ्यांच्या लेखी क्षुल्लक आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या लेखी जगबुडी. चित्रपट मुलाच्या बाजूने उभा राहतो. फक्त कोकण जरा जास्तच देखणं दिसतं, आणि देखणेपणा दुःखाला लवकर माफ करून टाकतो.

चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ तर स्मरणरंजनाच्या रोगाचं शवविच्छेदनच आहे. रात्रीच्या रिकाम्या मुंबईत मोटारसायकलवरून जाताना गाणं शिकणारा शरद नेरूळकर कानांत जुन्या गुरू माईंचा आवाज भरून घेतो. सुमित्रा भावे यांच्या स्वरातला तो आवाज साधनेच्या, त्यागाच्या, गेलेल्या तपस्वी काळाच्या गोष्टी सांगत राहतो. त्या काळाच्या पायाशी शरद आपली वर्षं वाहतो आणि त्याच्या गाण्यात काही उगवत नाही. एक संग्राहक त्या दंतकथांना टाचणी लावतो तेव्हा शरद त्याच्या तोंडावर पेला रिकामा करतो. आपला प्रेक्षकही हेच करतो. त्याच्या सुवर्णकाळाला हात लावून पाहा!

आणि मुळात हा सुवर्णकाळ कुणाचा? वाडा, अंगण, आजीचे लाडू, शाळेतलं गॅदरिंग ही सामायिक मराठी आठवण आहे, असं आपल्याला बिनदिक्कत सांगितलं जातं. ‘फँड्री’तल्या जब्यालाही शाळा आहे, गाव आहे, पहिलं प्रेम आहे. सगळी यादी तंतोतंत जुळते. मात्र त्याच्या गावात डुक्कर धरायला त्याला जावं लागतं आणि वर्गमित्र कडेला बसून हसतात. जब्याने शेवटी भिरकावलेल्या त्या दगडानंतरही कट्ट्याच्या आणि वाड्याच्या गोड गोष्टी तशाच येत राहिल्या, याचं मला आजही नवल वाटतं. भूतकाळ गोड वाटायला तो आधी बऱ्यापैकी सुखात गेलेला असावा लागतो. ही अट लपवून जे विकलं जातं तो एका वर्गाचा कौटुंबिक अल्बम आहे. त्यावर ‘महाराष्ट्र’ असं नाव छापू नये.

‘साबर बोंडं’ महत्त्वाचा तो इथे. वडील गेले म्हणून आनंद मुंबईहून गावी येतो, तो सुतकाच्या दहा दिवसांसाठी. नियम आहेत, नातेवाईक आहेत, लग्नाची तीच तीच चौकशी आहे. या गावात त्याचं प्रेम उघड्यावर नांदू शकलेलं नाही, त्यामुळे परतून मिठी मारावी असा भूतकाळच त्याच्यापाशी नाही. बालपणीच्या मित्राबरोबर, बाळ्याबरोबर, त्याला जे मिळतं ते आठवणीतलं उरलंसुरलं सुख नाही. ते आताचं आहे आणि पुढे टिकवायचं आहे. कानवडे पार्श्वसंगीत वापरत नाहीत, म्हणजे कुठे गहिवरायचं याची सूचनाही देत नाहीत. आईचं मोजकं बोलणं त्याहून पुष्कळ काम करतं.

माझं म्हणणं टोकाचं वाटेल, वाटू दे. जुन्या वस्तूंनी भरलेल्या चित्रपटाला ‘बालपण जागं झालं’ म्हणून चार तारे देणारा समीक्षक समीक्षा लिहीत नाही, स्वतःचा वाढदिवस साजरा करतो. निर्मात्यांना दोष देऊन भागणार नाही. मागणी आपली आहे. गेलेला काळ परत दिल्याचं नाटक करणारा चित्रपट प्रेक्षकाला लहान मूल समजतो. तो काळ का गेला, कुणाच्या जिवावर गोड होता आणि कोण त्यातून परतलंच नाही, हे विचारणारा चित्रपट त्याला मोठं माणूस समजतो. यापुढे कुठल्याही स्मरणपटाला मी एवढंच विचारणार आहे: ओळखीच्या वस्तू काढून घेतल्या, तर तुझ्यापाशी दुखण्यासारखं काय उरतं?