चाहता समीक्षक असू शकतो काय? : ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथापर मालिकेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

समीक्षकाने कलाकृतीपासून काही अंतर राखावे, अशी अपेक्षा सर्वसाधारणपणे केली जाते. चाहत्याजवळ हे अंतर नसते. त्यामुळे त्याचे मत हे प्रेमापोटी किंवा प्रेमभंगापोटी आलेले मत मानून बाजूला सारले जाते. विज्ञानकथापर चित्रपट व दूरचित्रवाणी मालिका यांच्या बाबतीत मात्र ही विभागणी टिकत नाही. या प्रकाराकडे वृत्तपत्रीय समीक्षेने व विद्यापीठीय अभ्यासाने दीर्घकाळ फारसे गांभीर्याने पाहिले नाही. त्या काळात एकेका भागाचे तपशीलवार परीक्षण प्रामुख्याने चाहत्यांनीच केले. तेव्हा या परीक्षणांना समीक्षेचा दर्जा द्यावा काय, आणि द्यावयाचा तर कोणत्या कसोटीवर, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेशी निगडित तीन घटनांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली ही मालिका १९८९ मध्ये खंडित झाली व २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. काळ व अवकाश यांत संचार करणारा, मरणोन्मुख होताच नवा देह धारण करणारा ‘डॉक्टर’ हा तिचा नायक होय. देहांतराच्या या कल्पनेमुळे नट बदलले तरी पात्र टिकते. साहजिकच अनेक दशकांचा कथापट स्मरणात ठेवणारा एक प्रेक्षकवर्ग या मालिकेभोवती तयार झाला.

सैद्धांतिक पार्श्वभूमी :

चाहत्यांच्या व्यवहाराचा विचार करताना हेन्री जेन्किन्स यांच्या ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ (१९९२) या ग्रंथाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. मिशेल द सर्तो यांची वाचकविषयक संकल्पना पुढे नेऊन जेन्किन्स यांनी असे प्रतिपादन केले की, चाहता हा निष्क्रिय ग्राहक नसून दुसऱ्याच्या रानात शिरून आपल्या उपयोगाचे ते उचलणारा व त्यातून नवे घडविणारा वाचक आहे. जॉन टुलॉक व जेन्किन्स यांच्या ‘सायन्स फिक्शन ऑडियन्सेस’ (१९९५) या ग्रंथात टुलॉक यांनी ‘डॉक्टर हू’च्या चाहत्यांना ‘सत्ताहीन अभिजन’ असे संबोधिले आहे. मालिकेविषयी सर्वाधिक जाणणारा हा वर्ग असतो; परंतु मालिकेच्या निर्मितीवर त्याची सत्ता चालत नाही.

या मांडणीचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि तिचा भर चाहता काय करतो यावर आहे. त्याचे मत ग्राह्य आहे की नाही, हा प्रश्न तिच्यात मागे पडतो. चाहत्याला सर्जक ठरविले म्हणजे त्याचा निवाडा आपोआप योग्य ठरतो असे नाही. येथे भारतीय काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ ही संकल्पना उपयुक्त ठरते. अभिनवगुप्ताने सहृदयाची दोन लक्षणे जोडून सांगितली आहेत : काव्याचा सततचा अभ्यास आणि त्या अभ्यासाने आरशासारखे स्वच्छ झालेले मन. चाहत्याजवळ अभ्यास असतो, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो आरशाचा. त्या अभ्यासाने त्याची दृष्टी निर्मळ होते, की जुन्या प्रतिमांनीच आरसा व्यापला जातो?

‘द डेडली असॅसिन’ (१९७६) आणि अध्यक्षांचा आक्षेप :

रॉबर्ट होम्स लिखित ‘द डेडली असॅसिन’ ही चार भागांची कथा ३० ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर १९७६ या काळात प्रसारित झाली. डॉक्टर आपल्या मूळ ग्रहावर परततो व तेथील अध्यक्षाच्या हत्येचा आळ त्याच्यावर येतो, असे तिचे कथानक आहे. ‘टाइम लॉर्ड’ ही डॉक्टरची जात यापूर्वी ‘द वॉर गेम्स’ (१९६९) या कथेत गूढ, सर्वशक्तिमान व भयप्रद अशी दिसली होती. होम्स यांनी मात्र तिचे चित्रण वृद्ध, मानापमानात गुंतलेल्या, आपलाच इतिहास विसरलेल्या पदाधिकाऱ्यांचा समाज असे केले.

या कथेवर दोन दिशांनी टीका झाली. डॉक्टरचे डोके पाण्याखाली दाबून धरलेले असताना तिसरा भाग संपतो. या दृश्यावर नीतिवादी कार्यकर्त्या मेरी व्हाइटहाउस यांनी आक्षेप घेतला. बीबीसीने दिलगिरी व्यक्त केली आणि ते दृश्य पुढे कापले गेले. दुसरा आक्षेप चाहत्यांचा होता. ‘डॉक्टर हू ॲप्रिसिएशन सोसायटी’ या नव्याने स्थापन झालेल्या संस्थेचे अध्यक्ष जॅन व्हिन्सेंट-रुड्झ्की यांनी संस्थेच्या ‘टार्डिस’ या नियतकालिकात कथेचे अत्यंत कठोर परीक्षण लिहिले. पूर्वीच्या कथांशी जुळत नसलेल्या बाबींची मोजदाद करीत, मालिकेची जादूच हरपली आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या दोन आक्षेपांतील भेद लक्षणीय आहे. व्हाइटहाउस यांना एका दृश्याचा मुलांवर होणारा परिणाम महत्त्वाचा वाटत होता. त्यासाठी मालिकेचा पूर्वेतिहास जाणण्याची गरज नव्हती. चाहत्याचा आक्षेप केवळ पूर्वेतिहासावर उभा होता. घरी चित्रफीत पाहण्याची सोय सर्वसामान्यांना नसलेल्या त्या काळात, सात वर्षांपूर्वी पाहिलेल्या कथेशी ताडून एखादी कथा तपासणे ही स्मरणशक्तीची असामान्य कामगिरी होती, हे मान्य करावे लागते.

परंतु स्मरण अचूक असले तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष अचूक असतोच असे नाही. टाइम लॉर्ड समाज निष्कलंक नाही, हे पूर्वीच्या कथांतून आधीच सूचित झाले होते. ‘वॉर चीफ’ (१९६९), ‘मास्टर’ (१९७१), ‘ओमेगा’ (१९७२-७३) आणि ‘मॉर्बियस’ (१९७६) हे खलपुरुष याच समाजातून निपजले होते. डॉक्टर स्वतः तेथून पळून आलेला होता. ज्या समाजातून इतके बंडखोर व गुन्हेगार निर्माण होतात, तो समाज आतून कसा असेल, या प्रश्नाचे तर्कशुद्ध उत्तर होम्स यांनी दिले. परीक्षकाने बाह्य विसंगती टिपली; तिच्याआड असलेली आंतरिक संगती त्याच्या नजरेतून सुटली. विशेष म्हणजे ‘द वॉर गेम्स’ आणि ‘द डेडली असॅसिन’ या दोन्ही कथांचे दिग्दर्शक डेव्हिड मॅलोनी हेच होते. म्हणजे हा बदल अनवधानाने झालेला नसून तो जाणीवपूर्वक केलेला होता, असे मानण्यास जागा आहे.

कालांतराने चाहत्यांनीच हा निवाडा फिरविला. आज ही कथा मालिकेच्या उत्कृष्ट कथांत गणली जाते. मूळचे परीक्षणही विस्मृतीत गेले नाही. चाहत्यांच्या लेखनाचे पॉल कॉर्नेल यांनी संपादित केलेले ‘लायसन्स डिनाइड’ (१९९७) हे संकलन प्रसिद्ध झाले, त्यात ते पुनर्मुद्रित झाले. आपल्या परंपरेतील चुकीचा ठरलेला निवाडाही जपून ठेवणे व तो पुन्हा वाचावयास देणे, हे प्रगल्भतेचे लक्षण होय.

स्मरण : बळ आणि मर्यादा

येथे चाहत्यांच्या स्मरणाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. साठच्या दशकातील या मालिकेच्या अनेक भागांच्या चित्रफिती बीबीसीने पुसून टाकल्या. त्या काळी काही चाहत्यांनी घरी दूरचित्रवाणी संचासमोर ध्वनिमुद्रण करून ठेवले होते. त्यामुळेच हरवलेल्या सर्व भागांचा निदान आवाज तरी आज उपलब्ध आहे. संस्थेने जे टाकाऊ मानले ते चाहत्याने जपले. २०१३ मध्ये नऊ हरवलेले भाग परत मिळाल्याची घोषणा झाली, तेव्हा ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ ही १९६७-६८ मधील कथा प्रथमच पूर्ण स्वरूपात पुन्हा पाहता आली आणि तिच्याविषयीचे मत पुष्कळ उंचावले. स्मरणावर आधारलेली प्रतिष्ठा प्रत्यक्ष संहितेसमोर बदलू शकते, हे यातून स्पष्ट होते.

१९८६ : चाहता आणि लेखक समोरासमोर

‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’ हे चौदा भागांचे पर्व ६ डिसेंबर १९८६ रोजी संपले. त्यानंतर बीबीसीच्याच ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात उपरोक्त संस्थेचे काही सदस्य व पर्वाच्या अखेरच्या भागाचे लेखक पिप आणि जेन बेकर यांना एकत्र आणण्यात आले. त्या वेळी सोळा वर्षांच्या क्रिस चिब्नल यांनी लेखन साचेबंद असून ते अधिक चांगले होऊ शकले असते, असे लेखकांना स्पष्टपणे ऐकविले.

हे मत अवाजवी होते असे म्हणता येणार नाही. मात्र त्या लेखनामागची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. अखेरचे दोन भाग लिहिण्याची जबाबदारी असलेले रॉबर्ट होम्स मे १९८६ मध्ये निवर्तले. पटकथा-संपादक एरिक सॉवर्ड यांनी लिहिलेला अखेरचा भाग त्यांनी मतभेदांमुळे मागे घेतला. बेकर दांपत्याला मागे घेतलेल्या संहितेचा आधार न घेता अगदी थोड्या दिवसांत शेवट लिहावा लागला. पडद्यावर यातील काहीच दिसत नाही. कलाकृतीचे मूल्यमापन तिच्यावरूनच करावे, हे तत्त्व योग्यच आहे. निर्मितीतील अडचणी दोषाचे समर्थन करीत नाहीत. परंतु त्या दोषाचे कारण सांगतात, आणि दोष दाखविणे व लेखकाची कुवत ठरविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत याची आठवण देतात.

२०२० : चक्राची पूर्तता

हेच चिब्नल पुढे मालिकेचे प्रमुख लेखक-निर्माते झाले व २०१८ ते २०२२ या काळात मालिकेची सूत्रे त्यांच्याकडे होती. १ मार्च २०२० रोजी प्रसारित झालेल्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ या त्यांच्या भागात डॉक्टरचे मूळ टाइम लॉर्ड समाजात नसून अज्ञात स्थळी आहे आणि त्या समाजाची देहांतराची शक्तीच डॉक्टरपासून घेतलेली आहे, असा उलगडा करण्यात आला. यामुळे चाहत्यांत तीव्र मतभेद झाले. मालिकेच्या पूर्वेतिहासाशी प्रतारणा झाली, हा आक्षेप पुन्हा एकदा घेतला गेला.

येथे एक बाब विशेष उद्बोधक आहे. टाइम लॉर्डला बारा वेळाच देहांतर करता येते, हा नियम १९७६ च्या ‘द डेडली असॅसिन’ने घातला. डॉक्टरला हे रहस्य ज्या ‘मेट्रिक्स’मध्ये उलगडते, ती कल्पनाही त्याच कथेने रुजविली. म्हणजे ज्या कथेवर परंपराभंगाचा आरोप झाला होता, तीच चव्वेचाळीस वर्षांनी परंपरेचा आधार बनली. परंपरा ही स्थिर वस्तू नसून पूर्वीच्या भंगांचा स्वीकृत झालेला संचय असते, हे यावरून दिसून येते.

तथापि यावरून प्रत्येक भंग कालांतराने श्रेष्ठ ठरतो, असे अनुमान काढणे चुकीचे होईल. होम्स यांच्या बदलाने डॉक्टरच्या पलायनाला अर्थ दिला. असह्य, साचलेल्या समाजातून निघालेला एक सामान्य सदस्य म्हणून त्याचे मोल वाढले. चिब्नल यांच्या बदलाने तोच नायक जन्मतः अद्वितीय ठरतो, आणि त्यामुळे त्याच्या निवडीचे मोल काहीसे कमी होते. दुसरीकडे, स्वतःच्या जन्माचे सत्य हिरावून घेतलेल्या व्यक्तीची वेदना हा नवा आशय त्यातून निर्माण होतो, हेही नाकारता येत नाही. या भागावरील जी परीक्षणे या अर्थापर्यंत पोहोचतात ती समीक्षा होत. जी केवळ नियमभंगाची नोंद करतात ती तक्रार होत.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. चाहत्याचे प्रेम हे त्याच्या समीक्षेतील वैगुण्य नाही. प्रदीर्घ अभ्यास, सूक्ष्म निरीक्षण व जतनाची वृत्ती ही त्या प्रेमाचीच फळे आहेत.

२. चाहत्याच्या समीक्षेतील खरा धोका स्मरणाला नियम मानण्यात आहे. विसंगती दाखविणे ही समीक्षेची सुरुवात होय. त्या विसंगतीने कलाकृतीचा अर्थ वाढला की घटला, हे सांगितल्याखेरीज ती पूर्ण होत नाही.

३. चाहत्यांच्या समूहाचे समीक्षात्मक मूल्य त्याच्या पहिल्या निवाड्यावरून न ठरविता, तो निवाडा पुन्हा तपासण्याच्या त्याच्या तयारीवरून ठरवावे.

४. टुलॉक यांची ‘सत्ताहीन अभिजन’ ही संज्ञा २००५ नंतर अपुरी पडते. रसेल टी. डेव्हिस, स्टीव्हन मोफॅट व चिब्नल हे तिन्ही सूत्रधार मूळचे चाहतेच होत. सत्ता हाती आल्यावर चाहत्याला चाहत्यांच्याच टीकेला तोंड द्यावे लागते, आणि १९८६ च्या त्या कार्यक्रमातील दोन्ही आसनांचा अनुभव एकाच व्यक्तीला येऊ शकतो.

अभ्यासाने आरसा स्वच्छ होतो, हे अभिनवगुप्ताचे म्हणणे चाहत्यालाही लागू पडते. मात्र तो आरसा प्रत्येक नव्या भागासमोर नव्याने पुसावा लागतो. महाविद्यालयीन अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या चित्रपट-मालिकांविषयीच्या उत्कट मतांकडे याच दृष्टीने पाहिल्यास, त्या मतांतून समीक्षेची पहिली पायरी सहज घडविता येईल.